बी.कॉम.चं घर आणि त्याच्या तीन वाटण्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात यंदा बारावी झालेलं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा घेऊन वाचा.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली एक मुलगी घरी आली. वडिलांचं किराणा दुकान. पेढा हातावर ठेवला आणि म्हणाली, "काका, तुम्ही पत्रकार आहात, तुम्हाला माहीत असेल. बी.कॉम. करू की बी.बी.ए.? बाबा म्हणतात बी.कॉम., फी कमी आहे. मैत्रिणी म्हणतात बी.बी.ए., त्याला व्हॅल्यू आहे. आणि मला खरं तर इकॉनॉमिक्स आवडतं, पण ते आर्ट्समध्ये आहे. आर्ट्सला गेले तर लोक म्हणतील मार्क कमी पडले."

मी म्हटलं, "अगं, दोन दिवस दे."

दोन दिवसांचे आठ झाले. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो. अर्थशास्त्र, हिशेब आणि व्यवस्थापन हे तिन्ही विषय आज आपल्या कॉलेजात तीन वेगळ्या खिडक्यांवर, तीन वेगळ्या फीमध्ये मिळतात. मुळात ते एकाच घरातले. वाटण्या कशा झाल्या ते आज सांगतो.

पहिलं घर : बी.ए.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिथे अर्थशास्त्र आलं ते बी.ए.मध्ये, इतिहासाचा हात धरून. त्याला कुणी कॉमर्स म्हणत नव्हतं. पण त्याच्याही आधी आपल्याकडे या विषयावर मराठीत विचार चालू होता. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचं 'लक्ष्मीज्ञान' हे पुस्तक १८४९ चं. म्हणजे विद्यापीठाचा जन्म व्हायच्या आठ वर्षं आधी मराठी माणूस अर्थशास्त्र मराठीत वाचू शकत होता. आज आपण म्हणतो, इकॉनॉमिक्स मराठीत कसं शिकवणार!

पुढे दादाभाई नौरोजी. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारा हा माणूस, त्याने आकडे मांडून दाखवलं की हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते. मग न्यायमूर्ती रानडे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. सार असं, की इंग्लंडच्या पुस्तकातले नियम जसेच्या तसे इथे लावू नका. देशाची परिस्थिती, इतिहास, समाज बघून अर्थशास्त्र मांडा. त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसनमध्ये शिकवणारे गोखले १८९७ साली लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले आणि सरकारच्या खर्चाची चिरफाड करून आले.

यातला एकही माणूस कॉमर्सवाला नव्हता. कुणी गणितातला, कुणी कायद्यातला, कुणी प्राध्यापकीतला. पण ताळेबंद वाचायला बसले की सरकारला घाम फुटायचा. कारण आकड्याच्या मागे माणूस असतो, शेत असतं, कर असतो, इतिहास असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसरं घर : १९१३

आता बी.कॉम. मुंबईत ऑक्टोबर १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. पूर्ण नाव सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स अँड इकॉनॉमिक्स. नाव नीट वाचा. कॉमर्स 'आणि' इकॉनॉमिक्स. पाटीवरच जोडी होती. (आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज अशी त्याची ओळख सांगतात. पण टोकियोत १८७५ सालीच व्यापार शिकवणारी शाळा निघाली होती आणि तिचंच आजचं हितोत्सुबाशी विद्यापीठ झालं. म्हणून मी आपला आपल्या देशापुरतं बोलतो.)

सिडनहॅम हे नाव मुंबईच्या गव्हर्नरचं. सर जॉर्ज क्लार्क, पुढे लॉर्ड सिडनहॅम. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा गव्हर्नर हेच. एका हाताने टिळक मंडालेला आणि दुसऱ्या हाताने कॉमर्स कॉलेज. इतिहास असाच असतो, त्याला आपल्या सोयीच्या बाजू नसतात.

१९१३ च का? तीन गोष्टी एकत्र आल्या.

एक, स्वदेशीच्या चळवळीनंतर भारतीय भांडवलाच्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या होत्या. बँक ऑफ इंडिया १९०६ ची, सेंट्रल बँक १९११ ची. त्या चालवायला माणसं हवी होती.

दोन, १९१३ सालीच नवा कंपनी कायदा झाला. हिशेब कसे ठेवायचे, ते पात्र माणसाकडून कसे तपासून घ्यायचे, याचे नियम आले. मुनीमजींच्या वहीला आता ऑडिटरची सही लागणार होती.

तीन, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ज्या हिवाळ्यात कॉलेज उघडलं त्याच हिवाळ्यात देशात बँका बुडत होत्या. सप्टेंबरमध्ये लाहोरची पीपल्स बँक गेली, नोव्हेंबरमध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक. स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात अडकली होती. लोकांच्या ठेवी गेल्या. म्हणजे पहिल्या तुकडीची पोरं जमाखर्च शिकत होती आणि बाहेर रस्त्यावर चुकीच्या निर्णयाची किंमत काय असते याचा धडा फुकट चालू होता. बुडालेल्या बँकेतसुद्धा वह्या लिहिणारी माणसं होतीच. कमी पडला तो विवेक, आणि तो जमाखर्चाच्या वहीत शिकवला जात नाही.

ज्यांच्या ठेवी अलीकडच्या काळात एखाद्या पतसंस्थेत अडकल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

कॉमर्स कॉलेजातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक

सिडनहॅमचे सुरुवातीचे प्रिन्सिपॉल पर्सी अन्स्टी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले. त्यांच्या पत्नी व्हेरा अन्स्टी याही अर्थशास्त्रज्ञ. भारताच्या आर्थिक विकासावरचं त्यांचं १९२९ चं पुस्तक पुढे बरीच वर्षं अभ्यासलं गेलं. पर्सी १९२० साली वारले.

याच कॉलेजात नोव्हेंबर १९१८ मध्ये एक तरुण प्राध्यापक रुजू झाला. विषय, राजकीय अर्थशास्त्र. नाव, भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण राज्यघटनेमुळे ओळखतो. पण कोलंबियात ते काय शिकले ते बघा. मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. आजच्या भाषेत एक मेजर आणि चार बाजूचे विषय. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र आणि जॉन ड्यूईंकडे तत्त्वज्ञान. आज ज्याला 'लिबरल आर्ट्स' म्हणून महागड्या खाजगी विद्यापीठांच्या जाहिराती येतात, ते शिक्षण हे होतं. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे आर्थिक व्यवहार यावरचा त्यांचा १९१५ चा अभ्यास म्हणजे एका कंपनीच्या व्यवस्थापनाचा आणि एका देशाच्या लुटीचा एकत्र हिशेब.

१९१८ साली त्यांचा आणखी एक लेख आला, भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर. हा लेख आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातला आहे. तेव्हा सगळे म्हणत होते, शेतीचे तुकडे झाले म्हणून शेती परवडत नाही, तुकडे जोडा. आंबेडकरांनी विचारलं, लहान म्हणजे किती लहान? जमिनीचा आकार एकटा काही सांगत नाही. त्या जमिनीवर हात किती, अवजारं किती, भांडवल किती, यांचं प्रमाण जुळतंय का ते बघा. दोन एकरही परवडू शकतात आणि वीस एकरही तोट्यात जाऊ शकतात. जमिनीवर पोट भरणारी माणसं जास्त आणि भांडवल कमी, हे मूळ दुखणं; उपाय उद्योगांमध्ये शोधा.

साधनांचं प्रमाण जुळवणं यालाच आज बी.बी.ए.च्या पुस्तकात मॅनेजमेंट म्हणतात. लोकसंख्या, जमीन आणि भांडवल यांचा संबंध म्हणजे इकॉनॉमिक्स. आणि या सगळ्यात माणूस कुठे उभा आहे हा प्रश्न समाजशास्त्राचा. तिन्ही एका लेखात आलेत. कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात भिंती नव्हत्या.

भिंती कॉलेजात होत्या. प्राध्यापकांसाठीच्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याचं त्यांच्या चरित्रांमध्ये येतं. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला अस्पृश्यतेचा हिशेब असा रोज मिळत होता. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला तेव्हा ते अजून सिडनहॅमच्या नोकरीत होते. सरकारी नोकर असल्यामुळे संपादक म्हणून दुसऱ्याचं नाव होतं. मार्चमध्ये नोकरी सोडली, लंडन गाठलं आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आमच्या धंद्यातल्या पोरांना मी नेहमी सांगतो, मराठी पत्रकारितेतला एक मोठा अंक कॉमर्स कॉलेजच्या प्राध्यापकाने काढलाय.

तिकडे काय चाललं होतं

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १८८१ साली जोसेफ व्हार्टन नावाच्या उद्योगपतीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले आणि व्हार्टन स्कूल निघालं. जस्त आणि निकेलच्या धंद्यात पैसा केलेला माणूस. पण शाळा काढली ती बाजारात गाळा घेऊन नव्हे, विद्यापीठाच्या आत. पहिल्या नावातही दोन शब्द होते : फायनान्स आणि इकॉनॉमी. हाच व्हार्टन स्वार्थमोर नावाच्या लिबरल आर्ट्स कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. त्याला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या नाहीत.

इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाणिज्य विद्याशाखा निघाली. प्रमुख विल्यम अ‍ॅश्ली, म्हणजे आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक. त्याची भूमिका अशी, की इथे कारकून घडवायचे नाहीत, उद्योगाचे सेनाधिकारी घडवायचे आहेत. त्यासाठी हिशेबाबरोबर इतिहास, भाषा आणि अर्थशास्त्र आलंच पाहिजे.

पण पुढे काय झालं? बिझनेसची मागणी वाढली, कॉलेजं वाढली, विषय बारीक होत गेले. अमेरिकेत १९५९ साली दोन मोठे अहवाल आले. एक फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून, गॉर्डन आणि हॉवेल यांचा. दुसरा कार्नेगीचा, फ्रँक पिअर्सन यांचा. दोघांनी जवळजवळ एकच सांगितलं : बिझनेसचं पदवी शिक्षण फार धंदेवाईक आणि उथळ झालंय, विद्यार्थ्याचा निम्मा अभ्यास तरी भाषा, इतिहास, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं यांचा असू द्या. गंमत म्हणजे हे पिअर्सन प्राध्यापक कुठले? स्वार्थमोरचे. ज्या माणसाने दोन्ही घरं बांधली, त्याच्या एका घरातून दुसऱ्या घराला पंचाहत्तरेक वर्षांनी आठवण गेली, की अरे, आपण भाऊ आहोत.

आपल्याकडे वाटण्या कशा झाल्या

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये कॉमर्सबद्दल साधी गोष्ट सुचवली होती. विद्यार्थ्याला शिकत असतानाच तीन-चार वेगवेगळ्या प्रकारच्या पेढ्यांमध्ये प्रत्यक्ष काम करायची संधी द्या. आणि सगळ्याच शाखांना सामान्य शिक्षण द्या. पंचाहत्तर वर्षं झाली. आपल्या तालुक्यातलं बी.कॉम. झालेलं पोरगं किती पेढ्यांमध्ये बसून आलंय, विचारून बघा.

झालं असं, की बी.कॉम. पसरलं. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं बीएमसीसी १९४३ मध्ये निघालं, नंतर जिल्ह्याजिल्ह्यात आणि मग तालुक्यात. कॉमर्सला सायन्ससारखी प्रयोगशाळा लागत नाही. चार खोल्या, फळा आणि खडू. संस्थाचालकांना सोयीचं. दिवसा नोकरी आणि सकाळी कॉलेज करणाऱ्या पोरांनाही सोयीचं, आणि ही गोष्ट छोटी नाही. घरात पहिल्यांदा पदवी आणणारी कितीतरी माणसं सकाळच्या बी.कॉम.मुळे बँकेत, एसटीत, साखर कारखान्यात चिकटली. त्या पदवीला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण गर्दीत अभ्यासक्रम गाईडात गेला. अर्थशास्त्र 'बिझनेस इकॉनॉमिक्स' नावाने एका पेपरापुरतं उरलं. इतिहास, तत्त्वज्ञान हद्दपार. ज्याला चांगलं शिकायचं त्याने सी.ए. करावं, बी.कॉम. आपली जोडीला.

व्यवस्थापन तिसऱ्या वाटेने आलं. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादला आयआयएम, १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज. हे सगळं पदवीनंतरचं. म्हणजे आधी काहीतरी शिकून या, मग व्यवस्थापन शिका, असा विचार. पुढे नव्वदच्या दशकानंतर नोकऱ्यांचा बाजार बदलला आणि व्यवस्थापन बारावीनंतर लगेच विकायला आलं. मुंबई विद्यापीठाचं बी.एम.एस. १९९९ च्या सुमाराचं. असे बहुतेक अभ्यासक्रम विनाअनुदानित. म्हणून शेजारच्या खोलीत बी.कॉम.ची फी एक आणि इथे कितीतरी पट. शिकवायला बऱ्याचदा तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम, त्यांचं मानधन वर्ष-वर्ष थकलेलं. ज्या कोर्समध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवतात त्याच कोर्सच्या मनुष्यबळाची ही अवस्था.

२०२४ मध्ये बी.बी.ए., बी.एम.एस. हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत गेले, राज्यात सीईटी आली. गावाकडच्या पोरांना पत्ताच नव्हता. सीईटी पुन्हा घ्यावी लागली, तरी जागा रिकाम्या. मग काही कॉलेजांनी काय केलं? कोर्सचं नाव बदललं. बी.एम.एस.चं झालं बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज. म्हणजे पंचवीस वर्षं जे वेगळं, भारी म्हणून विकलं, ते पाटी बदलून परत बी.कॉम.च्या घरात आलं. मी कुणाला दोष देत नाही. पण पाटी इतक्या सहज बदलता येत असेल तर आतला माल खरंच किती वेगळा होता, हा प्रश्न फी भरणाऱ्या बापाने विचारायला हवा.

एक आपल्या मातीतलं उदाहरण

कुणी म्हणेल, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन एकत्र आणून होतं काय? तर प्रवरानगरला जाऊन या. विठ्ठलराव विखे पाटील, फारसं न शिकलेला शेतकरी, पण माणसं जोडण्यात पक्का. आणि धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, केंब्रिजमध्ये शिकलेले. १९५० च्या आसपास या दोघांनी आणि हजारो शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. पहिले अध्यक्ष गाडगीळ. पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ नगर जिल्ह्यातल्या उसाच्या फडात येऊन भागभांडवल, ऊसदर आणि ठेवी यांचा मेळ बसवत होता. पुढे सहकाराचं काय झालं त्यावर मी भरपूर लिहिलंय आणि शिव्याही खाल्ल्यात. पण सुरुवात कशी झाली ते विसरायचं नाही. ज्ञान आणि व्यवहार एका टेबलावर बसले होते.

मग आता काय?

नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं. आपल्या राज्यात स्वायत्त कॉलेजांत २०२३ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४ पासून लागू. कागदावर ते जुन्या वाटण्या मोडायला निघालंय. मेजर, मायनर, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, आणि हा ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यायचा. म्हणजे कॉमर्सच्या मुलीला इतिहास किंवा मानसशास्त्र घेता येतं, आर्ट्सच्या मुलाला हिशेब शिकता येतो. बाबासाहेब कोलंबियात जे शिकले त्याची छोटी आवृत्ती आपल्या तालुक्यात शक्य आहे.

कागदावर. प्रत्यक्षात मी एका कॉलेजात चौकशीला गेलो. यादीत ओपन इलेक्टिव्हचे विषय भरपूर. विचारलं, यातले चालू कोणते? उत्तर आलं, "दोन. बाकीच्यांना शिकवायला माणूस नाही." अर्थशास्त्राचे सर निवृत्त झाले, जागा भरलेली नाही. धोरणाने दार उघडलं, पण आत शिकवणारा नसेल तर पोरं उंबऱ्यावरच उभी राहणार. प्राध्यापक भरतीचा प्रश्न आंदोलन करणाऱ्या नेट-सेटवाल्यांचा आहेच, पण त्याहून जास्त तो तुमच्या पोरांचा आहे.

त्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं?

म्हटलं, बाळा, कोर्सच्या नावाला भुलू नको. कॉलेजात जा आणि पाच गोष्टी विचार. अर्थशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे का? मायनर म्हणून अर्थशास्त्र खरंच मिळतं का, की नुसतं यादीत आहे? ओपन इलेक्टिव्हचे वर्ग प्रत्यक्ष भरतात का? इंटर्नशिप कुठे असते, की नुसता सही-शिक्का? आणि तीन वर्षांची एकूण फी लेखी मिळेल का? यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं जिथे 'हो' मिळतील तिथे बी.कॉम. घे आणि अर्थशास्त्र मायनर घे. आर्ट्सला चांगले सर असतील तर बेलाशक बी.ए. इकॉनॉमिक्स घे. लोकांचं सोड. रानडे आणि गोखले बी.ए.च होते.

आणि संध्याकाळी बाबांच्या दुकानात बस. उधारीची वही तू सांभाळ. कोण कधी पैसे देतं, पाऊस लांबला की तेलाचा डबा किती दिवस पुरतो, मॉल आल्यावर आपलं गिऱ्हाईक का तुटलं, हे लिहून ठेव. राधाकृष्णन आयोगाने सांगितलेली पहिली पेढी तुझ्या घरातच आहे.

ती म्हणाली, "काका, बाबांची वही बघून मला आत्ताच कळतंय, अर्ध्या गल्लीकडे बाकी आहे. तुमचीपण."

काल भरली बरं का.

तुमच्या गावातल्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या किती जागा रिकाम्या आहेत? ओपन इलेक्टिव्हचे किती वर्ग खरंच भरतात? कमेंटमध्ये कॉलेजचं नाव न घेता तालुका आणि आकडा लिहा. पुरेशी माहिती जमली की एकत्र करून बातमी करतो आणि आमदारसाहेबांच्या टेबलावर ठेवतो. प्रवेशाच्या तारखा निघून जायच्या आत लिहा.